पावसात तगणारी, पावसात कुजणारी: मुंबईतल्या फुलझाडांची लागवड आणि रोपं

बागकामाच्या पुस्तकांत फुलझाडांची काटक आणि नाजूक अशी जी वाटणी असते, ती बहुतेक वेळा थंड मुलखातली असते. बर्फ सोसतं ते झाड काटक, हिमाच्या पहिल्याच रात्री मान टाकतं ते नाजूक. मुंबईत हे माप काही कामाचं नाही. सांताक्रूझच्या हवामान केंद्रात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे आणि तेही १९६२ च्या जानेवारीतलं. आपल्याकडे झाडं जातात ती जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि कुंडीतली मुळं आतल्या आत कुजतात. त्याआधी मे महिन्यात ग्रिलवरची काही झाडं करपतात ती वेगळीच.

म्हणून नवीन फुलझाड आणताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की हे आपला पावसाळा उघड्यावर काढेल का? उत्तर "नाही" असेल किंवा खात्री नसेल, तर त्या झाडाची एक-दोन रोपं आधीच करून वेगळी ठेवायची. कलम करणं हे मुरलेल्या बागकाम्यांचं काम आहे असं समजून बरेच जण त्याच्या वाटेला जात नाहीत. माझ्या मते मुंबईत ते पहिल्या वर्षीच शिकून घ्यावं, कारण इथे आवडतं झाड राखण्याचा तोच भरवशाचा मार्ग आहे.

आधी आपल्या झाडांची वाटणी करा

देशी लाल जास्वंद, तगर, अनंत, इक्झोरा, कोरांटी, मधुमालती, सोनटक्का, कर्दळ, स्पायडर लिली ही मंडळी पावसात बिनघोर ठेवावीत. कुंडीचं भोक मोकळं असलं की त्यांची वेगळी काळजी लागत नाही.

मोगरा, गुलाब, बोगनवेल, कण्हेर, अबोली आणि सदाफुली यांची गत मधली. ती पावसात जगतात, पण पाणी साचलं तर पटकन खराब होतात. सदाफुलीचं सगळं झाड दोन दिवसांत काळं पडून आडवं होतं, ते याच साचलेल्या पाण्यातल्या बुरशीमुळे. बोगनवेल मरत नाही, पण पावसाळाभर नुसती पानं काढत बसते. तिला फुलं हवी असतील तर पाणी तोडावं लागतं, आणि आभाळाचं पाणी तोडणं आपल्या हातात नसतं. त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत तिच्याकडून फुलांची अपेक्षा करू नये.

अडेनियम, शेवंती, जर्बेरा आणि जेरेनियम ही खरी नाजूक. यांना पावसाळ्यात डोक्यावर आडोसा हवाच.

महाबळेश्वर किंवा उटीच्या सहलीत मोह होऊन आणलेली हायड्रेंजिया, अझेलिया, फ्युशिया यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना रात्रीचा गारवा लागतो आणि मुंबईत मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २६-२७ अंशांच्या खाली क्वचितच जातो. कितीही जीव लावला तरी ती इथे रमत नाहीत. हिवाळ्यापुरती फुलं बघायची तयारी असेल तरच आणा.

जागेचा विचार याच वेळी करावा. पावसाळी वारे नैऋत्येकडून येतात, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या गॅलरीत पाऊस आडवा आत येतो. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या बाजूला त्यामानाने कोरडं राहतं. मधली आणि नाजूक झाडं जूनच्या सुरुवातीला तिकडे हलवायची. ऊनही वर्षभर एका जागी नसतं. मेच्या मध्यावर सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, मग काही आठवडे तो उत्तरेकडे झुकतो आणि जुलैअखेर पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे सरकतो. उत्तरेच्या गॅलरीला भर दुपारचं थेट ऊन मिळतं ते फक्त याच काळात, आणि त्यातला बराच वेळ आभाळ भरलेलं असतं. तिथे मोगरा-गुलाबाचा हट्ट धरण्यापेक्षा अबोली लावावी, ती कमी उन्हातही फुलते. दक्षिणेच्या गॅलरीत मात्र डिसेंबर-जानेवारीचं तिरपं ऊन अगदी आतपर्यंत येतं. गुलाब आणि शेवंती यांना हीच जागा द्या. समुद्रासमोर राहणाऱ्यांनी खाऱ्या वाऱ्यासाठी बोगनवेल, कण्हेर, खुरचाफा आणि स्पायडर लिली निवडावीत.

माती आणि कुंडी

नर्सरीतली लाल माती नुसती वापरली तर पावसात तिचा घट्ट गोळा होतो. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं कंपोस्ट, एक भाग जाड रेती किंवा भाताचं तूस, अर्धा भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण बहुतेक फुलझाडांना चालतं. कोकोपीट वजन कमी करतं म्हणून जास्त घालण्याचा मोह होतो, पण ते पाणी धरून ठेवतं आणि जुलैत तेच नडतं. अडेनियमला तर रेती निम्म्याहून जास्त हवी.

वजनाचा विचारही करावाच लागतो. बारा इंची कुंडी भिजली की १५ किलोंच्या पुढे जाते. ग्रिलच्या टोकावर किंवा कठड्यावर अशा कुंड्या ठेवू नका, खाली माणसं चालत असतात.

पाण्याबाबत एक गोष्ट. तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येणारं पालिकेचं पाणी झाडांना मानवतं. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी अनेक सोसायट्यांत जड, म्हणजे क्षारांचं असतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की ओळखा. अनंताची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं होण्याचं एक मोठं कारण हेच पाणी असतं. अनंताला आंबट माती हवी, जड पाण्याने ती बदलते आणि झाडाला लोह उचलता येत नाही. पावसाचं पाणी बादल्यांत धरून त्याला घाला, तेही झाकून ठेवलेलं.

छाट कलम: सगळ्यांनी शिकावं असं काम

छाट कलम म्हणजे झाडाची फांदी कापून ती मातीत लावून नवं रोप करणं. त्याचा उत्तम मुहूर्त मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. हवा दमट असल्याने फांदीतलं पाणी उडून जात नाही आणि उष्णता मुळं फुटायला पुरेशी असते. दुसरी संधी फेब्रुवारीत, थंडी सरल्यावर आणि उन्हाळा तापण्याआधी. जास्वंद, तगर, बोगनवेल या दोन्ही वेळी लागतात. मोगरा मी पावसाळ्यातच लावते. फांदीसाठी फार शोधाशोधही करावी लागत नाही. पावसाळ्याआधी सोसायटीचे माळी कुंपणाची छाटणी करतात, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या ते आनंदाने बाजूला काढून ठेवतात.

झाडाला आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या आणि सकाळी लवकर फांदी कापा. फुलं किंवा कळ्या नसलेली, धड कोवळी नाही आणि धड जून नाही अशी फांदी घ्यावी. हलकी वाकवली तर वाकते, जास्त वाकवली तर कटकन मोडते, ती योग्य. बोगनवेलीला मात्र याहून जून, राखाडी सालीची फांदी लागते. सदाफुली, पेंटास, शेवंती यांची कोवळी शेंडेच घ्यायची.

लांबी सहा ते आठ इंच, त्यात निदान तीन-चार डोळे, म्हणजे नवी फूट येते त्या जागा. खालचा काप शेवटच्या डोळ्याच्या लगेच खाली तिरका द्या आणि वरचा काप वरच्या डोळ्याच्या बोटभर वर सरळ. यामुळे फांदीचं खाली-वर कळतं. उलटी खोचलेली फांदी मुळं धरत नाही आणि गठ्ठ्याने कापलेल्या बिनपानांच्या फांद्यांत ही गफलत सहज होते. कात्री धारदार हवी आणि स्पिरिटने पुसलेली. चेंगरलेली साल कुजते.

खालची सगळी पानं काढा. वरची दोन-तीन ठेवा आणि ती मोठी असतील, जशी जास्वंदाची, तर अर्धी कापून टाका. मुळं नसलेल्या फांदीला जास्त पानांचा भार सोसत नाही. कळी दिसली तर खुडा.

मग खालचं टोक रूटिंग हार्मोनच्या, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या पावडरीत बुडवून जादा पावडर झटका. यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं आणि निमजून फांदी व जून फांदी यांसाठी वेगवेगळ्या तीव्रतेची पावडर मिळते, ते पाकीट बघून घ्यावं. मध, कोरफड, दालचिनी यांची शिफारस खूप होते. दालचिनीची पूड बुरशी थोडी रोखत असेल, पण बोगनवेल किंवा इक्झोरासारख्या अवघड झाडांसाठी मी त्यांच्यावर विसंबणार नाही. तगर, जास्वंद, पेंटास तर काहीही न लावता मुळं धरतात.

लावायचं माध्यम निम्मं जाड रेती आणि निम्मं कोकोपीट. कोकोपीट दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. खत अजिबात नको. तळाला भोकं पाडलेले ग्लास किंवा छोट्या पिशव्या पुरतात. काडीने आधी भोक पाडा, मग फांदी ठेवा, म्हणजे पावडर घासून निघत नाही. दोन डोळे आत गेले पाहिजेत. बाजूने बोटांनी घट्ट दाबा.

आता जागा. पावसाळ्यात छज्जाखाली, थेट पाऊस न लागणारी पण उजेडाची जागा हवी, आणि वर प्लॅस्टिक झाकायचं नाही. हवाच एवढी दमट असते की झाकलं तर बुरशी येते. फेब्रुवारीत उलट. तेव्हा पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती फांदीवर उपडी ठेवावी आणि रोज थोडा वेळ झाकण उघडून वारा द्यावा.

पेंटास आणि सदाफुली दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात, जास्वंद तीन ते पाच, तगर आणि मोगरा चार ते सहा, इक्झोरा सहा ते आठ, बोगनवेल कधीकधी त्याहून जास्त. नवी पालवी दिसली म्हणून मुळं आली असं समजू नका. बोगनवेलीची फांदी आत साठलेल्या अन्नावर हिरवीगार फुटते आणि तीन आठवड्यांनी वाळून जाते. मुळं आल्याची खूण म्हणजे तळाच्या भोकातून दिसणारी पांढरी टोकं. उपटून बघायचं नाही, नवी मुळं काचेच्या काडीसारखी तुटतात.

मुळं आल्यावर रोप थेट मोठ्या कुंडीत लावण्याची घाई बहुतेक जण करतात आणि इथेच जास्तीत जास्त रोपं मरतात. मोठ्या कुंडीतलं पाणी एवढ्याशा मुळांना शोषता येत नाही, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. आधी चार इंची पिशवी, ती मुळांनी भरली की सहा इंची कुंडी, मग दहा इंची. उन्हाची सवय आठ-दहा दिवसांत हळूहळू लावा, सुरुवातीला फक्त सकाळचं ऊन. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे खालून फांद्या फुटतात.

खुरचाफा आणि अडेनियम यांची रीत थोडी वेगळी. कापल्यावर निघणारा चीक पुसून फांदी सावलीत आठवडाभर तशीच पडू द्यायची. कापलेली जागा पूर्ण सुकली की मगच कोरडसर रेतीत लावायची, आणि हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकायचं, पावसात नाही. अडेनियमचं फुगीर खोड हवं असेल तर बी लावा. फांदीपासून केलेल्या झाडाला तसा डौलदार बुंधा येत नाही. अडेनियम आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत. काम झाल्यावर हात धुवा आणि छाटलेल्या फांद्या लहान मुलं, मांजरं यांच्या वाटेत पडू देऊ नका.

फांदी लागत नसेल तेव्हा: गुटी आणि दाब

संकरित, मोठ्या फुलांची जास्वंद छाट कलमाने सहसा नीट येत नाही. आली तरी मुळं दुबळी असतात, म्हणूनच नर्सरीवाले ती देशी जास्वंदाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खोडावर बांधतात. घरी करायचं तर गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवणं, सोपं पडतं. अनंत आणि इक्झोरालाही ते छान साधतं.

जूनअखेर ते ऑगस्ट या काळात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर, शेंड्यापासून फूटभर खाली, इंचभर रुंदीची साल गोल काढा. आतल्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीने खरवडून टाका, तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. कापाच्या वरच्या कडेला हार्मोन लावा, भिजवून पिळलेलं शेवाळ (मॉस) मूठभर गुंडाळा, वर पारदर्शक प्लॅस्टिक आणि दोन्ही टोकांना घट्ट दोरा. वरची गाठ सैल राहिली तर पावसाचं पाणी आत शिरून सगळं कुजतं. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून मुळांचं जाळं दिसू लागतं. मग खालून कापायचं, निम्मी पानं कमी करायची आणि सावलीत लावायचं.

जाई, जुई, मधुमालती यांना दाब कलम पुरेसं आहे. लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत पुरायची, पुरलेल्या भागाची साल थोडी खरवडायची, वर दगड ठेवायचा. मुळं धरली की आईपासून तोडायची. यात अपयश जवळपास येतच नाही, कारण तोडेपर्यंत फांदीला मूळ झाडाचं अन्न मिळत असतं.

गुलाबाचे डोळे भरणं, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवणं, हे सरावाच्या हातांचं काम आहे. कलमी गुलाब नर्सरीतून विकत घ्यावा आणि कलमाच्या गाठीखालून येणारे फुटवे दिसतील तेव्हा काढत राहावं. वासाचा देशी गुलाबी गुलाब मात्र फांदीपासून सहज होतो. छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस पुरता थांबल्यावर. त्यानंतर साधारण ४५ दिवसांत पहिला बहर येतो.

मोगरा

मोगऱ्याबद्दलची तक्रार नेहमी एकच असते, पानं खूप आणि फुलं नाहीत. त्याला विश्रांती द्यावी लागते. डिसेंबरअखेर पाणी कमी करत जा, पानं मलूल होऊन गळू लागली की झाड निम्म्यावर छाटा, वरची दोन इंच माती उकरून त्यात शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळा आणि मग भरपूर पाणी द्या. नव्या फुटीवरच कळ्या येतात. रोज पाच-सहा तास ऊन मिळालं तर फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत फुलं मिळत राहतात. बहर ओसरल्यावर, जूनमध्ये जी हलकी छाटणी करायची, त्याच फांद्या कलमाला वापरा.

वर्षानुवर्षं राहणारी, मऊ खोडाची झाडं

सोनटक्का आणि कर्दळ यांचे गड्डे मेअखेर काढून हाताने किंवा सुरीने वेगळे करा. प्रत्येक तुकड्याला एक तरी ठसठशीत डोळा हवा. कापाला राख किंवा हळद लावून दिवसभर सावलीत ठेवा आणि उथळ पुरा. सोनटक्का ऑगस्टपासून फुलू लागतो, त्याला ओलावा हवाच, म्हणून सोसायटीच्या आवारातल्या पाणथळ कोपऱ्यासाठी त्याच्याइतकं योग्य फुलझाड दुसरं नाही. निशिगंधाचे कंदही याच सुमारास लावतात, पण त्याला निचरा चांगला हवा.

अबोलीच्या सुक्या बोंडांवर पाणी पडलं की ती फट्कन फुटून बी दूर उडतं. म्हणून बोंडं तपकिरी झाली की पाऊस येण्याआधी कागदी पिशवीत काढून ठेवा. गडद केशरी रंगाच्या 'दिल्ली' जातीला बी धरत नाही, तिची छाट कलमंच करावी लागतात.

शेवंतीसाठी मात्र थोडं थांबून लिहावंसं वाटतं, कारण दर दिवाळीला आणलेल्या शेवंतीच्या कुंड्या फेब्रुवारीत कचऱ्यात जातात. फुलं संपली की दांडे जमिनीपासून तीन-चार बोटांवर कापा. बुंध्याशी हिरवे फुटवे येतात, ते मुळासकट वेगळे करून छोट्या पिशव्यांत लावा. हेच पुढच्या वर्षीचं बियाणं. उन्हाळ्यात त्यांना दुपारच्या उन्हापासून जपा आणि पावसाळा छज्जाखाली काढू द्या. जून-जुलैत त्यांचे तीन इंची शेंडे खुडून वर सांगितल्याप्रमाणे लावले की जोमदार नवी रोपं तयार होतात. ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहा, त्यानंतर थांबा.

यापुढची गोष्ट मुंबईकरांना विशेष लागू आहे. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि सलग अंधारी रात्र लागते. गॅलरीतली ट्यूबलाइट मध्यरात्रीपर्यंत चालू असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल, तर झाड नुसतं वाढत राहतं आणि फुलत नाही. सप्टेंबरपासून कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूला ठेवा. ते शक्य नसेल तर संध्याकाळी सहा-साडेसहापासून सकाळपर्यंत वर पुठ्ठ्याचा खोका उपडा ठेवा. लाल पानांच्या पॉइन्सेटियालाही हाच उपाय.

जेरेनियमचं वेळापत्रक याच्या उलट चालतं. त्याचे शेंडे जानेवारीत, ते जोमात असताना घ्यायचे, कापल्यावर काही तास सुकू द्यायचे आणि जवळपास कोरड्या रेतीत लावायचे. मोठं झाड पावसाळ्यात वाचवणं कठीण, पण छोटी रोपं खिडकीच्या आत, वारा खेळेल अशा जागी कमी पाण्यावर तग धरू शकतात.

पावसाळ्यातली राखण

मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत ट्रेभर रोपं फस्त करते. रात्री टॉर्च घेऊन हातमोजे घालून वेचणं हाच खरा उपाय. जास्वंदावर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा करा.

कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्ये काढूनच टाका. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेचे कर्मचारी घरोघरी याचीच तपासणी करतात. बाटलीत पाण्यावर फांद्या मुळं धरायला ठेवल्या असतील तर तेही पाणी दर दोन दिवसांनी बदला.

ऑक्टोबरमध्ये

हस्ताचा पाऊस सरला की पावसाळ्यात केलेली रोपं मोजून घ्या. ज्यांचं मूळ झाड गेलं, त्यांच्या जागी रोप लावा. दोन्ही जगली असतील तर जास्तीची रोपं शेजारी, वरच्या मजल्यावर, सोसायटीच्या आवारात देऊन टाका आणि कुठलं कुणाकडे दिलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या जुलैत तुमचं झाड कुजलं तर फांदी मागायला कुणाच्या दारी जायचं, ते त्या वहीत सापडेल.